मुके चित्र आणि बोलती कथा

मुलांच्या कथांचा विचार करताना आपली दृष्टी बहुधा पुस्तकांपाशीच थांबते. एकोणिसाव्या शतकात मात्र छापील चित्र हेही कथेचे एक प्रभावी वाहन होते. फ्रान्समधील एपिनाल गावी १७९६ साली पेलरँ यांनी काढलेला छापखाना यासाठी विशेष प्रसिद्ध आहे. तेथील एकपानी चित्रांत पेरोच्या परीकथा लहानलहान चौकटींतून क्रमाने मांडलेल्या असत आणि प्रत्येक चौकटीखाली मजकूर असे. चित्रही ठरलेले, शब्दही ठरलेले. वाचता येणाऱ्या मुलाला सांगणाऱ्याची गरज फारशी उरत नसे.

आपल्याकडे ही कला निराळ्या वाटेने गेली. १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने पुण्यात चित्रशाळा निघाली; १८९४ साली मुंबईत राजा रविवर्मा यांचा छापखाना सुरू झाला व पुढे तो मळवलीस गेला. शिळेवर तेलकट खडूने चित्र काढावयाचे, प्रत्येक रंगासाठी वेगळी शिळा घ्यावयाची आणि एकच कागद क्रमाक्रमाने त्यांवर दाबावयाचा, अशी ही रीत होती. ही चित्रे मुलांसाठी काढलेली नव्हती. पण भिंतीवर लागताच मुलांचे डोळे प्रथम त्यांच्याकडे वळणार, हे उघड आहे.

या चित्रांचे वैशिष्ट्य असे की, ती कथेतील एकच क्षण दाखवितात. ‘हंस-दमयंती’ पाहावी. हंस समोर आहे, दमयंती ऐकत आहे. तो काय बोलतो, हे कागदावर कोठेही नाही. ते सांगावयाचे काम घरातल्या वडीलधाऱ्यांचे. म्हणूनच तेच चित्र पुण्यात लागले तर त्यातला हंस मराठी बोलेल, आणि बालाघाट जिल्ह्यातील लालबर्ऱ्यास लागले तर एखाद्या आजीच्या तोंडून तो पोवारीतही बोलेल. चित्राने कथेला रूप दिले, परंतु तिची बोली हिरावून घेतली नाही.

आज या चित्रांना संग्रहालयांत मानाचे स्थान मिळाले आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु कागद जपला आणि सांगणारीचे शब्द टिपले नाहीत, तर अर्धाच ठेवा हाती राहील. सीमेवरच्या बोलींतील या कथा, त्या सांगणारी माणसे आहेत तोवरच उतरून घ्यावयास हव्यात. नाहीतर भिंतीवरचा हंस कायमचा मुका होईल.