स्टॉलवर पहिला प्रश्न फीचा

बारावीचा निकाल लागला, सीईटीचे पर्सेंटाइल हाती आले की आमच्याकडची मंगल कार्यालयं लग्नांतून मोकळी होतात आणि शैक्षणिक मेळाव्यांना मिळतात. मी मेकॅनिकल शिकवते, पण उन्हाळ्यात प्रवेश समिती माझ्या गळ्यात असते. कराड, सांगली, कोल्हापूर, जिथे मेळावा तिथे आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा स्टॉल लावायचा.

संस्थाचालकांच्या मते तयारी म्हणजे फ्लेक्स. ड्रोनने टिपलेली इमारत, संस्थापकांचा हसरा चेहरा आणि लाल अक्षरांत सर्वांत मोठं पॅकेज. ते पॅकेज एकाच मुलाला मिळालेलं असतं. शंभर मुलांना पगाराच्या क्रमाने उभं केलं, तर मधल्याला किती मिळतात, हा आकडा जवळ हवा. एनआयआरएफच्या क्रमवारीसाठीही कॉलेजांना हाच मध्यक द्यावा लागतो. नॅकचं मूल्यांकन संपूर्ण कॉलेजचं असतं, एनबीएचं शाखेपुरतं. कॉम्प्युटरला एनबीए असेल तर ते सिव्हिलच्या पत्रकावर छापू नये. दोन्हींची मुदत कधी संपते, तेही लिहावं. चाणाक्ष पालक नेमकं तेच विचारतात.

पण पहिला प्रश्न ठरलेला: "वर्षाला एकूण किती पडतील, मॅडम?" या 'एकूण'साठी मी एक कागद बनवते आणि त्याच्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवते. शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवून दिलेली फी सगळेच सांगतात. वसतिगृह, मेस, बस, परीक्षा शुल्क, अनामत यांची बेरीज मात्र कुणी करत नाही. त्याखाली सवलती. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर खुल्या प्रवर्गातल्या मुलाला राजर्षी शाहू योजनेतून निम्मी शिक्षण फी मिळते. २०२४-२५पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची याच उत्पन्न मर्यादेत शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र कॅपमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून हवा. संस्था स्तरावरच्या जागेवर आलात तर ही सवलत नाही, हे ठळक छापायचं, म्हणजे ऑगस्टमध्ये ऑफिसच्या दारात भांडणं होत नाहीत.

सगळं घोडं इथेच अडतं, आणि संस्थाचालकांना तेच पटत नाही. कॅपच्या जागा स्टॉलवर विकता येतच नाहीत. त्या सीईटी सेल गुणवत्ता आणि पसंतीक्रम पाहून देतो. आपलं काम एवढंच, की मुलाच्या ऑप्शन फॉर्मवर आपला कोड यावा. म्हणून मागच्या वर्षांचे शाखावार, प्रवर्गवार कटऑफ मी छापून नेते. ९५ पर्सेंटाइलच्या मुलाला मी सांगते, पुण्याची, सांगलीची नामांकित कॉलेजं वर टाक, आम्हाला खाली ठेव. वरचं मिळालं नाही तर यादी खाली सरकतच येते, आपलं काही जात नाही. हे ऐकून आमचे अध्यक्ष एकदा खुर्चीतून उठलेच होते.

टेबलामागे कुणाला बसवायचं? टॉपरला नको. तो पालकांना घाबरवतो. मी सेकंड इयरची मुलगी नेते, शक्यतो मेळावा असेल त्याच तालुक्यातली. आया माझ्याशी प्लेसमेंटबद्दल बोलतात आणि मग तिला बाजूला घेतात. वसतिगृहाचं गेट किती वाजता बंद होतं, रात्री पोट दुखलं तर कोण नेतं, रविवारी मेसमध्ये काय असतं? तिला काय सांगायचं ते मी पढवत नाही. मेस वाईट असेल तर तेही सांगू दे.

सोबत दाखल्यांची यादी हवीच: डोमिसाइल, उत्पन्न, जात पडताळणी, आणि पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध असं नॉन-क्रिमीलेअर. तहसीलच्या फेऱ्यांत फार दिवस जातात. स्टॉलवर मूळ कागद ठेवून घ्यायचे नाहीत, पैसे तर नाहीतच. कॅपिटेशन फीला राज्यात १९८७पासून कायद्याने बंदी आहे. तरी 'सीट बुक करता का' असं कुजबुजणारे एजंट मंडपात फिरतात. त्यांना आमच्या टेबलाशी उभं राहू देऊ नका, हे मी शिपायालाही बजावते.

नोंदवहीत नावासमोर मुलाची अडचण लिहायची. "व्हॅलिडिटी बाकी", "वडील इलेक्ट्रिकलला राजी नाहीत". फॉर्म भरायच्या आठवड्यात फोन करताना तेच कामाला येतं.

मेळावा संपला की अध्यक्ष विचारतात, "किती ॲडमिशन झाल्या?" मी म्हणते, पहिल्या फेरीची यादी लागू दे, साहेब.