उत्तरेत बर्फ, वस्तीत हुडहुडी
बातम्यांत ‘पश्चिमी विक्षोभ’ ऐकला की आपण सावध व्हावे. तो काश्मीर-हिमाचलात बर्फ आणि उत्तरेच्या मैदानात पाऊस पाडतो. तो पुढे सरकला की उत्तरेचे गार, कोरडे वारे विदर्भापर्यंत पोचतात. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा खाली आणि सरासरीपेक्षा निदान ४.५ अंश कमी झाले, की हवामान खाते थंडीची लाट सांगते. निरभ्र रात्री आपले पत्र्याचे घर लवकर गारठते. तान्ह्या बाळांना, म्हाताऱ्यांना कानटोपी घाला, अंगाखालीही गोधडी अंथरा. पण दार लावून, शेगडी पेटती ठेवून झोपू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. माणूस झोपेतच दगावतो. म्हणून आम्ही कळकळीने सांगतो, निजण्यापूर्वी शेगडी बाहेर ठेवा.