जुन्या मोटारीची निगा : लेखांक सातवा — इंजेक्टरची सफाई

लातूर जिल्ह्यातील मुरुडच्या बाजारपेठेतून आज जी जुनी पेट्रोल मोटार धावते, तिच्या टाकीतील इंधनाचा काही अंश मांजरा-तेरणेच्या खोऱ्यातील उसातून, म्हणजे कदाचित तिच्या मालकाच्याच शेतातून, कारखान्याच्या मळीवाटे आणि आसवनीवाटे तेथवर पोहोचला असण्याचा पुष्कळ संभव आहे; आणि इंजेक्टरच्या सफाईचा विचार करताना ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली नाही, तर पुढील सारा खटाटोप व्यर्थ जातो, असे माझे स्पष्ट मत आहे. जानेवारी २००३ मध्ये महाराष्ट्र धरून नऊ राज्यांत पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्यास प्रारंभ झाला. २०२२ साली ते प्रमाण १० टक्क्यांवर गेले, फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल निवडक पंपांवर मिळू लागले, आणि २०२५ पर्यंत तेच देशभर सर्वसाधारण झाले. ज्या मोटारींची घडण या मिश्रणाच्या कल्पनेपूर्वीची आहे, त्यांच्याविषयी हा लेखांक आहे.

आपल्या भागात अशा मोटारींचा नमुना म्हणून मारुती ८०० हिचेच नाव घेणे उचित होईल. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या या गाडीने २००० च्या सुमारास कार्ब्युरेटर सोडून इंजेक्टरांचा अंगीकार केला, आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तथापि खेड्यापाड्यांतून ती अद्याप इमानेइतबारे चाकरी बजावीत आहे. तिच्या ७९६ सीसीच्या इंजिनात तीन सिलिंडर आणि तीन इंजेक्टर आहेत. त्यामुळे तिघांपैकी एकाने जरी कसूर केली, तरी गाडीचा तृतीयांश जोर नाहीसा होतो. चार सिलिंडरच्या गाडीत जो दोष कसाबसा खपून जातो, तो येथे पहिल्याच चढावर उघड होतो.

इंजेक्टर ही वस्तुतः एक विजेवर उघडझाप करणारी अत्यंत सूक्ष्म झडप आहे. तिच्या पाठीशी सुमारे ३ बार दाबाने पेट्रोल सदैव उभे असते. आत तारेचे वेटोळे, त्यात विद्युत्प्रवाह आला की उचलली जाणारी सुई, आणि सुईच्या टोकाशी केसासारखी बारीक छिद्रे, एवढाच तिचा संसार. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असता प्रत्येक इंजेक्टर, दोन फेऱ्यांमागे एकदा या हिशेबाने, सेकंदाला २५ वेळा उघडतो, आणि दर वेळी केवळ काही सहस्रांश सेकंद उघडा राहून पेट्रोलचा धुक्यासारखा फवारा सोडतो. फवाऱ्याच्या जागी धार पडू लागली, तर पेट्रोल हवेत नीट मिसळत नाही. गाडी सकाळी उशिरा चालू होते, उभी असता थरथरते, आणि मिस्त्री मंडळींच्या भाषेत ‘मिसिंग मारते’.

हा मळ साचतो कोठून? पुष्कळांची अशी समजूत असते की गाडी फार पळवल्याने इंजेक्टर खराब होतात. खरी गोष्ट याच्या उलट आहे. गाडी चालू असता ताजे, त्या मानाने थंड पेट्रोल टोकाशी अखंड येत असते. इंजिन बंद केले की प्रवाह थांबतो, पण इंजिनाची उष्णता तशीच राहते. टोकाशी अडकलेल्या थेंबातील हलका भाग उडून जातो आणि जड भागाचा चिकट, राळेसारखा थर मागे उरतो. घरापासून बाजारापर्यंत, बाजारापासून शेतापर्यंत, अशा तुटक फेऱ्या करणाऱ्या गाडीत ही क्रिया दिवसातून अनेकदा घडते. आणि चैत्र-वैशाखात पत्र्याच्या शेडखाली, चाळीस अंशांच्या उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीत ती अधिकच बळावते. मुलगा पुण्यास नोकरीला आणि गाडी मुरुडास, असा प्रकार ज्या घरी आहे, तेथे गाडीला महिनोन् महिने चावीचा स्पर्शही होत नाही, व पेट्रोल जागच्या जागी शिळे होते.

यात इथेनॉलचा भाग कोणता, तेही निःपक्षपातीपणे पाहिले पाहिजे. इथेनॉल स्वतः इंजेक्टर बुजवते असे म्हणणे अन्यायाचे होईल. ते उत्तम द्रावक आहे; जुन्या लोखंडी टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षे बसलेला गाळ ते सुटा करते आणि पुढे पाठवते. शिवाय ते पाणी शोषून घेते, आणि पाण्याचे प्रमाण मर्यादेबाहेर गेले की पाण्यासह पेट्रोलपासून विभक्त होऊन तळाशी बसते, जेथून पंप नेमका उचल करतो. या मिश्रणाच्या विचाराने न घडवलेले रबरही त्यात फुगते किंवा कडक होते. म्हणून माझा आग्रह असा की, इंजेक्टरला हात लावण्यापूर्वी इंधनाचा फिल्टर बदलावा. आपल्याकडील ठिबक सिंचनाचा शेतकरी हे तत्त्व पूर्णपणे जाणतो : ड्रिपर बंद पडला तर तो प्रथम मुख्य फिल्टर उघडतो, कारण तो तसाच ठेवून नळ्यांत आम्ल सोडले, तर आठवड्यात ड्रिपर पुन्हा बंद पडणार हे त्यास ठाऊक असते.

दुसरी खातरजमा दोष खरोखर इंजेक्टरचाच आहे याची. प्लग आणि हवेचा फिल्टर यांची तपासणी मागील लेखांकांत सांगितली आहे; ती झाल्यावर इंजिन चालू ठेवून लांब पेचकसाचे टोक एकेका इंजेक्टरवर आणि मूठ कानाशी टेकवावी. निरोगी इंजेक्टर एकसारखा टिकटिकतो. नंतर एकेकाची विजेची जोडणी क्षणभर काढावी. ज्याची जोडणी काढल्याने इंजिनाच्या चालीत काहीच फरक पडत नाही, त्याचा सिलिंडर मुळातच काम करीत नव्हता. शेवटी इंजिन बंद करून मल्टिमीटरने वेटोळ्याचा रोध मोजावा. अशा बहुतेक गाड्यांत तो १२ ते १६ ओहमच्या दरम्यान असतो. काहीच वाचन न आल्यास वेटोळे तुटलेले आहे, आणि त्यास कोणतीही सफाई तारू शकत नाही.

आता प्रत्यक्ष कृती. हे काम मोकळ्या अंगणात, इंजिन पूर्ण थंड असता, चूल, विडी व देवघरातील समई यांपासून दूर, आणि वाळूची बादली हाताशी ठेवूनच करावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीपर्यंत जाऊन पोहोचते. प्रथम इंधनपंपाचा फ्यूज अथवा रिले काढून इंजिन चालू करावे व ते आपोआप बंद पडू द्यावे, म्हणजे नळीतील दाब उतरतो. मग बॅटरीची ऋण तार सोडावी. इंजेक्टर ज्या नळीला बसवलेले असतात ती रेल सोडवून अलगद वर उचलावी आणि मॅनिफोल्डमधील उघडी पडलेली छिद्रे तत्काळ स्वच्छ फडक्याने झाकावी. आपल्या काळ्या मातीची धूळ किती बारीक असते हे सांगावयास नको. ती सिलिंडरमध्ये गेली, तर इंजेक्टरच्या दुरुस्तीचे रूपांतर इंजिनाच्या दुरुस्तीत होईल.

इंजेक्टर हाती आल्यावर त्यावरील रबरी ओरिंग काढून टाकाव्या, कारण सफाईचा द्रव त्या खातो. वरच्या तोंडाशी जाळीची एक इवलीशी टोपी दिसेल. टाकी जुनी असेल तर या जाळीत पुष्कळदा विटकरी रंगाचा मऊ गाळ आढळतो, बोटावर घेऊन चोळला असता गेरूसारखा पसरणारा. हा टाकीचा गंज होय, आणि अनेकदा खरा अडथळा टोकाशी नसून येथेच असतो. गाडीच्या सुट्या भागांच्या दुकानात कार्ब्युरेटर क्लीनरचा डबा मिळतो. त्याची बारीक नळी इंजेक्टरच्या तोंडाशी रबरी नळीच्या तुकड्याने घट्ट बसवावी, टोक पारदर्शक बाटलीत धरावे, आणि लांब तारांवर, फवाऱ्यापासून दूर ठेवलेल्या बटणाने ९ व्होल्टच्या लहान बॅटरीचा प्रवाह क्षणमात्र देत राहावे. बटण दाबून धरू नये; वेटोळे तापते. डोळ्यांवर चष्मा, हातांत मोजे अवश्य असावेत. प्रारंभी एकच वाकडी धार पडेल, मग ती तुटक होईल, आणि मळ सुटला की बाटलीत समप्रमाण शंकूसारखा फवारा दिसेल; प्रकाशासमोर धरून तिघांचे फवारे ताडून पाहावे. बटण न दाबता टोकाशी थेंब जमत असेल, तर झडप बसत नाही असे समजावे. सुई, तार किंवा टाचणी या छिद्रांत घालणे सर्वथा निषिद्ध आहे. त्यांचे माप बिघडले, तर ते घरी पूर्ववत होणे नाही.

परत बसवताना ओरिंग नव्याच घ्याव्या व त्यांस इंजिनऑइलचे बोट लावावे. कोरडी ओरिंग बसताना चिरते आणि गळती सुरू होते. फ्यूज व बॅटरी जोडून, इंजिन चालू न करता चावी दोन-तीनदा फिरवावी, म्हणजे पंप दाब भरेल. या वेळी प्रत्येक जोडाशी कोरडा कागद टेकवून ओल येते का ते पाहावे. ओल आली, तर गाडी चालू करणे म्हणजे आगीस आमंत्रण होय. एवढे करूनही फवारा सुधारला नाही, तर लातुरास जाऊन अल्ट्रासॉनिक सफाई करणाऱ्याकडे इंजेक्टर द्यावेत. ध्वनिलहरींच्या त्या स्नानाने घरगुती उपायास दाद न देणारा थर बहुधा निघतो.

येथे लिहिलेली कृती केवळ पेट्रोलच्या गाडीस लागू आहे, हे आवर्जून सांगतो. डिझेलच्या नोझलचा दाब शेकडो, आणि नव्या गाड्यांत हजाराहून अधिक बार असतो. तो फवारा त्वचा भेदून शरीरात शिरतो, आणि अशी जखम वरून किरकोळ दिसली तरी हात गमावण्याची पाळी येऊ शकते. ज्या वाचकांकडे डिझेलची गाडी आहे, त्यांनी ती पंप-नोझलच्या कारागिराकडेच न्यावी. घरी नोझल उघडण्याचे धाडस कृपा करून कोणीही करू नये.