रक्त अडवणारा स्पंज

सोलापूरहून तुळजापूरला येताना शेवटी बालाघाटाची चढण लागते. कोजागरीला हाच रस्ता पायी निघालेल्या भाविकांनी फुलून जातो. एरवी त्यावर ट्रक, उसाच्या ट्रॉल्या आणि देवदर्शनाच्या जीपगाड्यांची रीघ. सोलापूर इथून सुमारे 45 किलोमीटर, धाराशिव त्याच्या निम्म्यावर. गावात उपजिल्हा रुग्णालय आहे, 108 ला फोन केला की रुग्णवाहिकाही निघते. पण अपघातात मांडीतली मोठी धमनी तुटली, तर हातात मोजकीच मिनिटे असतात. साठ किलो वजनाच्या माणसाच्या अंगात रक्त असते चार-सव्वाचार लिटर. त्यातले 40 टक्के वाहून गेले की जीव वाचवणे फार अवघड होते.

म्हणून जे करायचे ते जखमेपाशी, तिथल्या तिथे. ऊसतोडीत कोयता बोटाला लागला की दगडी पाला चुरगळून रस पिळायचा, घरी असेल तर हळद दाबायची, हे इकडे पोरासोरांनाही माहीत असते. वरवरच्या कापण्याला ते पुरते, आणि त्यात दाबणाऱ्या अंगठ्याचा वाटाही मोठा असतो. धमनीतून उसळणाऱ्या रक्तासमोर मात्र पाला आणि हळद दोन्ही वाहून जातात. शिवाय जखमेत माती आणि जंतू शिरतात ते वेगळेच.

या वाहत्या रक्तात टिकेल असा पदार्थ घडवण्याचे काम पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत झाले आहे. संस्था 1946 सालची. वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर हे तिचे संस्थापक-संचालक. ती उभी आहे गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावर, त्यामुळे नवखा माणूस हमखास गोंधळतो. मुळात तिचे नाव ‘महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’. आघारकरांचे नाव तिला 1992 मध्ये मिळाले. धाराशिवच्या सोयाबीन उत्पादकाने ती ओळखायची म्हटली तर बियाण्यावरून ओळखावी: एमएसीएस 1188 सारख्या वाणांमागची अक्षरे याच जुन्या नावाची आहेत. गहू-सोयाबीनचे वाण काढणाऱ्या संस्थेने रक्तस्रावाच्या पट्टीकडे वळावे, याचे मला नवल वाटले होते. पण तिथे सूक्ष्मकणांवर काम करणारा विभागही आहे, आणि हे काम त्याच वाटेने आलेले.

त्यांनी बनवला तो झेरोजेलचा स्पंज. जेलमधले पाणी काढून टाकले की मागे घन जाळे उरते, ते झेरोजेल. या स्पंजात साधारण 30 मायक्रॉनची असंख्य छिद्रे आहेत आणि जाळ्यात सिलिकाचे सूक्ष्मकण व कॅल्शियम मिसळलेले आहे. छिद्रांचे माप इथे फार महत्त्वाचे. तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची. छिद्र अवाढव्य असेल तर रक्त आरपार निघून जाते. फारच बारीक असेल तर आत शिरायलाच वेळ लागतो, आणि तेवढ्यात खालून आलेली धार पट्टी उचलून टाकते.

या विषयातली खरी मेख इथेच आहे. फरशीवरच्या फडक्याने पाणी उचलले की त्याचे काम झाले. जखमेवरच्या स्पंजाने तेवढेच केले तर तो रक्त नुसते पीत राहील आणि माणूस रिकामा होत जाईल. त्याने रक्तातले पाणी ओढून घ्यायचे, म्हणजे पेशी, प्लेटलेट आणि गोठवणारी प्रथिने जखमेच्या तोंडाशी दाट होतात; मग तिथेच गुठळी धरायला लावायची. शोषणाचे आकडे मिरवणाऱ्या जाहिराती हा दुसरा भाग सोडून देतात.

गुठळी धरायला लावण्यासाठीच सिलिका आणि कॅल्शियम. रक्त प्लास्टिकच्या नळीपेक्षा काचेच्या नळीत लवकर गोठते, हे पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करणाऱ्यांना ठाऊक असते. काच म्हणजे मुख्यतः सिलिकाच. तिच्या पृष्ठभागाशी गाठ पडली की रक्तातला बारावा घटक जागा होतो आणि पुढची साखळी सुरू होते. कॅल्शियमचे उलट बाजूने पाहा. रक्तपेढीच्या पिशवीत सायट्रेट घालतात ते कॅल्शियम बांधून ठेवायला, म्हणजे रक्त पातळ राहते. जखमेवर तेच कॅल्शियम मोकळे हवे. पुण्याच्या प्रयोगांत या दोहोंमुळे प्लेटलेट पसरल्या, एकमेकींना जास्त चिकटल्या आणि त्यांच्या आवरणाच्या आतल्या बाजूचा फॉस्फॅटिडिलसेरीन हा स्निग्ध घटक बाहेर आला. गोठवणारी प्रथिने त्याच्यावरच ठाण मांडतात.

बाजारातल्या पट्टीच्या तुलनेत रक्त गोठण्याचा निर्देशांक 13 पट, असे या कामाबद्दल सांगितले गेले. आकडा मोठा आहे, पण तो प्रयोगशाळेतल्या चाचणीचा. तेरा पट लवकर रक्त थांबेल किंवा तेरा पट माणसे वाचतील, असा त्याचा अर्थ कुणी लावू नये.

या घराण्यातली बाकीची मंडळी जुनी आहेत. ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जन ‘जेलफोम’ मागतात तो जिलेटिनचा स्पंज 1940 च्या दशकातला. तो शरीरात विरघळतो, पण फुगतो. मज्जातंतूच्या अडचणीच्या जागी राहिला तर दाब येतो. कोळंबीच्या टरफलांपासून निघणारे कायटोसन पुढे आले. त्याचा धन विद्युतभार तांबड्या पेशींच्या ऋण भाराला ओढतो, त्यामुळे रक्त गोठवणारे घटक कमी असलेल्या रुग्णातही ते काम करते. अहमदाबादेत सुरू झालेल्या ॲक्सिओ बायोसोल्युशन्सची ‘ॲक्सिओस्टॅट’ पट्टी याच जातीची. झिओलाइटची पूड मात्र पाणी शोषताना इतकी तापायची की जखम भाजायची. ती मागे पडली आणि केओलिन लावलेले गॉज आले.

सगळ्यात चमत्कारिक अमेरिकेचे ‘एक्सस्टॅट’. पंक्चर झालेल्या टायरमध्ये फवारायच्या फोमवरून सुचलेले. पिचकारीने गोळीच्या खोल जखमेत दाबलेल्या सेल्युलोज स्पंजाच्या टिकल्या सोडायच्या. रक्त लागताच काही सेकंदांत त्या फुगून पोकळी भरतात आणि आतून दाब देतात. लष्करी वापराला 2014 मध्ये परवानगी मिळाली, नागरी वापराला 2015 मध्ये. प्रत्येक टिकलीवर एक्स-रेत दिसणारी खूण असते, कारण नंतर सर्जनला एकूण एक टिकली बाहेर काढावी लागते.

पुण्याच्या स्पंजाला अजून माणसांवरच्या चाचण्या आणि परवान्याची वाट चालायची आहे. निर्जंतुक करताना छिद्रे कोसळता कामा नयेत. पट्टी काढताना गुठळी उपटून पुन्हा रक्त सुरू होता कामा नये. चैत्रातल्या मराठवाडी उन्हात रुग्णवाहिकेच्या पेटीत पडून राहूनही ती बिघडता कामा नये. माझ्या मते ही परीक्षा सर्वांत कठीण. आणि किंमत अशी हवी, की ती पेटीत ठेवायला कुणी कचरणार नाही.

असली पट्टी मिळाली तरी हात मोकळे होत नाहीत. लष्करी प्रथमोपचारात केओलिनचे गॉज जखमेत ठासून भरल्यावरही किमान तीन मिनिटे दाबून धरायला सांगतात. घाटात ती नसेल तर स्वच्छ कापडाची घडी, दोन्ही तळहात आणि अंगाचा भार. रक्त थांबले का म्हणून मध्येच उचलून पाहायचे नाही. कापड भिजले तर त्याच्यावरच दुसरे ठेवायचे आणि गाडी येईपर्यंत दाबत राहायचे.