आठाला त्रेचाळीस

जीपला मोठे टायर कुणीही बघता बघता चढवून देतो. खरं काम त्यानंतर सुरू होतं, आणि नेमके तिथेच बरेच मालक हात आखडता घेतात. जयपूरच्या ट्रान्सपोर्ट नगरातल्या एका गॅरेजात हे काम मला जवळून बघायला मिळालं. गाडी महिंद्राची जुनी डिझेल एमएम 540. मालक शेखावाटीतल्या वाळूच्या धोऱ्यांवर गाडी घालणारा. मूळचे 6.00-16 काढून त्याने 31 इंची टायर घातले होते. जीप रुबाबदार दिसत होती, पण वाळूत उचलताना क्लचचा वास यायचा आणि सीकरच्या रस्त्यावर समोरून वारा असला की टॉप गिअरमध्ये इंजिनाचा दम जायचा.

हिशेब सोपा आहे. जुना टायर साधारण साडेअठ्ठावीस इंच उंच, नवा 31. म्हणजे जवळपास नऊ टक्क्यांची वाढ. प्रत्येक गिअर इंजिनाला तेवढाच जड पडतो. स्पीडोमीटरवर 60 दिसतं तेव्हा गाडी 65 ने पळत असते. ही भरपाई डिफमध्येच, म्हणजे डिफरन्शियलमध्येच करावी लागते. या गाडीत 8/39 चा क्राउन-पिनियन होता, पिनियनला 8 दात आणि क्राउनला 39, म्हणजे 4.88. त्यात नऊ टक्के मिळवले की 5.31 येतात, आणि त्याच्या सगळ्यात जवळचा जोड 8/43, म्हणजे 5.38. विलीजच्या सीजे-3बी जीपला हाच जोड असायचा. त्यामुळे माल जुनाच, फक्त शोधावा लागतो.

गॅरेजच्या उस्तादांनी मालकाला पहिला प्रश्न विचारला, “दोनों तरफ़ का लाए हो?” पुढचं आणि मागचं गुणोत्तर सारखंच हवं. या जीपच्या ट्रान्सफर केसमध्ये मधला डिफरन्शियल नाही. फोर बाय फोर टाकल्यावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या हिशेबाने फिरू लागली, तर वाळूत टायर घसरून निभावेल. डांबरावर मात्र ताण थेट ट्रान्सफर केसवर आणि जॉइंटांवर जातो. खर्च दुप्पट होतो तो इथे. एकच बाजू बदलून ‘फोर बाय फोर लावायचं नाही’ असं ठरवणारेही भेटतात. मग ऑफ-रोड गाडी घेतली कशाला?

क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासूनच तयार होतात. दोघांवर एकच जोडी-नंबर कोरलेला असतो. एकाचा क्राउन दुसऱ्याच्या पिनियनला लावला की आयुष्यभर रडगाणं. पिनियनच्या तोंडावर आणखी एक बारीक आकडा असतो, अधिक किंवा उणे चिन्हासह. तो इंचाच्या हजाराव्या भागात असतो. अधिक असेल तर आतल्या बेअरिंगमागची शिम, म्हणजे पातळ चकती, तेवढी कमी करायची, उणे असेल तर वाढवायची. पण ही झाली सुरुवात. गाडीचं हाउसिंग चाळीसेक वर्षांचं असेल तर आकड्यावर विसंबून चालत नाही.

म्हणून उस्तादांनी एक जुनं बेअरिंग आतून किंचित घासून ठेवलेलं. ते हाताने चढतं आणि हाताने निघतं. शिम बदलायला दर वेळी प्रेस लागत नाही. पिनियन बसवला, क्राउन चढवला आणि डायल लावून दातांमधला प्ले पाहिला. तो 0.15 ते 0.20 मिलिमीटरच्या दरम्यान आणून ठेवला. मग शेंदूर तेलात कालवून क्राउनच्या चारपाच दातांना लावला, एका हाताने क्राउन दाबून धरला आणि दुसऱ्याने पिनियन दोन्ही दिशांनी फिरवला. दाब नसेल तर ठसा खोटा उमटतो.

ठसा दाताच्या मुळाशी उमटला होता. म्हणजे पिनियन फार आत गेलाय. सगळं पुन्हा खोललं, पातळ शिम घातली, पुन्हा जोडलं. आता ठसा मधे आला, पण आतल्या टोकाकडे सरकलेला. त्यासाठी क्राउनच्या दोन बाजूंच्या शिम अदलाबदल करून क्राउन केसभर दूर नेला. ठसा दाताच्या मध्यावर लंबगोल येईपर्यंत हेच चाललं. मग खरं बेअरिंग प्रेसने बसवलं आणि पिनियन-नट घट्ट करत फिरवायला लागणारा जोर स्प्रिंगकाट्यावर मोजला. नव्या बेअरिंगचा हा जोर, म्हणजे प्रीलोड, कमी राहिला की काही हजार किलोमीटरांत डिफ गुणगुणायला लागतो, आणि तो आवाज थांबवण्याचा उपाय एकच, सगळं परत उघडणं.

शेवटी नव्वद नंबरचं जीएल-5 तेल. नवा जोड पहिल्या फेरीत तापतो, म्हणून थोडं चालवायचं, थंड होऊ द्यायचं, ओढकाम टाळायचं आणि काही शे किलोमीटरांनी तेल बदलायचं. जुन्या तेलात रुपेरी चुरा दिसेल. घाबरू नये, तुकडे दिसले तर मात्र घाबरावं.

आता कायद्याचं. डिफ कुणाला दिसत नाही, टायर दिसतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनाजोगता बदल चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे पुन्हा ठणकावलं. टायर घेण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

आणि जुनी जीप विकत घेणार असाल तर एवढं नक्की करा. गाडी न्यूट्रलला, बाकीच्या चाकांना दगड, मागचं एकच चाक जॅकवर. ते चाक हाताने पूर्ण दोन वेळा फिरवा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट किती वेळा फिरला ते खडूची खूण करून मोजा. पाचाला किंचित कमी आले तर 8/39, साडेपाचाला किंचित कमी आले तर 8/43. हेच पुढच्या बाजूला करा. दोन आकडे जुळले नाहीत, तर पैसे देऊ नका.