मॉल मिळाले, मैदानं कुठे गेली?

रविवारी संध्याकाळी मुलांना घेऊन कुठे जायचं? मोठ्या शहरांत या प्रश्नाचं उत्तर आता बहुतेक वेळा एकच असतं, मॉल. तिथे एसी आहे, स्वच्छ टॉयलेट आहे, गाडी लावायला जागा आहे. पण एकदा करून बघा. एक रुपयाही खर्च न करता तिथे आजीआजोबांसह दोन तास बसा आणि मुलांना चेंडू खेळू द्या. थोड्याच वेळात सिक्युरिटी गार्ड येऊन हटकेल. त्याची चूक नाही, जागा मालकाची आहे. प्रश्न असा आहे, की शहराच्या मधोमध आपल्या सगळ्यांची म्हणावी अशी जागा उरलीच किती?

एका शब्दाने घेतलेली जमीन

मुंबईच्या गिरणगावाचं उदाहरण बघा. लालबाग, परळ, लोअर परळ, वरळी या भागांत मिळून गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन होती. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर एकेक करून गिरण्या बंद पडत गेल्या. १९९१ मध्ये सरकारने नियम केला, की या जमिनीचे साधारण तीन वाटे होतील. एक वाटा महापालिकेला, उद्यानं आणि मैदानांसाठी. दुसरा म्हाडाला, परवडणाऱ्या घरांसाठी. तिसरा मालकाला.

असं झालं असतं, तर दाटीवाटीच्या मुंबईला ऐन मध्यावर मैदानं मिळाली असती. पण २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी संपूर्ण जमिनीची न करता फक्त 'मोकळ्या' जमिनीची करायची ठरलं. गिरण्यांच्या आवारात तर शेड आणि इमारतीच जास्त! त्या पाडून तिथे टॉवर उभारला, तरी ती जमीन मोकळी धरली जाणार नव्हती. साहजिकच शहराचा वाटा कितीतरी घटला. नागरिक कोर्टात गेले. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, पण २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला.

आज फिनिक्स मिलच्या जागी मोठा मॉल आहे. गिरणीची चिमणी तेवढी आठवण म्हणून उभी आहे.

याची किंमत कोण मोजतं?

ज्यांच्याकडे क्लबची मेंबरशिप आहे, त्यांना फारसा फरक पडत नाही. फरक पडतो दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या मुलांना, गुडघे दुखत असले तरी डॉक्टरांनी 'रोज चाला' सांगितलेल्या आजोबांना आणि घरकामातून अर्धा तास काढून मैत्रिणीशी बोलू पाहणाऱ्या गृहिणीला. पुरुष निदान पानाच्या टपरीवर उभा राहू शकतो. बाईला विनाकारण बसता येईल अशी जागा म्हणजे बागेतलं बाकडंच. तेही गेलं, की ती घरातच अडकते.

मैदानात श्रीमंताचा आणि कामवालीचा मुलगा एकाच टीममध्ये खेळू शकतात. तिकीट काढून जायच्या प्ले झोनमध्ये ते कसं होणार?

तुम्ही काय करू शकता?

● आपल्या भागाचा विकास आराखडा बघा. उद्यान किंवा मैदानासाठी कोणते प्लॉट राखीव आहेत, हे त्यात दाखवलेलं असतं.

● आरक्षण बदलायचं असेल, तर साधारणपणे जाहीर नोटीस काढून हरकती मागवल्या जातात. मुदतीच्या आत लेखी हरकत द्या. एकट्याने देण्यापेक्षा शेजारच्या दहा घरांनी मिळून द्या.

● तुमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला जात असेल, तर मीटिंगमध्ये फ्लॅटचा एरिया आणि कॉर्पस फंड यांच्याबरोबर 'मुलं कुठे खेळतील?' हेही विचारा आणि उत्तर करारात लिहून घ्या.

● जवळच्या बागेत रोज जा. रिकाम्या, ओसाड जागेवर नजर लवकर पडते.

मुंबईतल्या ओव्हल मैदानाची अवस्था वाईट झाली होती, तेव्हा आसपासच्या रहिवाशांनी कोर्टाचं दार ठोठावलं आणि देखभालीचा भार उचलला. आज तिथे मुलं क्रिकेट खेळतात.

फ्लॅट बघायला जाताना आपण किचन, बाल्कनी, पार्किंग सगळं पारखून घेतो. पुढच्या वेळी बिल्डरला आणि नगरसेवकालाही एवढंच विचारा, इथे फुकट बसायची जागा कुठे आहे?