नागपुरात बिअर करायची, तर थंडी कुठून आणायची?

नागपुरात बिअरचा छोटा कारखाना काढायचा असे कुणी ठरवले, तर त्याने पहिला प्रश्न कोणता विचारावा? जव कुठून आणायचे? परवाना कसा मिळवायचा? हे प्रश्न आहेतच. पण आमच्या मते पहिला प्रश्न असा की, मे महिन्यात भर दुपारी गच्चीवरच्या टाकीतले पाणी किती अंशांवर असते? त्या पाण्याखाली हात धरलेल्या कुठल्याही नागपूरकराला याचे उत्तर ठाऊक आहे. आणि सगळी गोम तिथेच आहे.

शिक्षकांसाठीच्या मासिकात हा विषय कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. नागपूरच्या शेजारी वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. दारूने होणारी नासाडी आम्ही नाकारत नाही. परवान्याशिवाय घरी बिअर करणे महाराष्ट्रात गुन्हा आहे, हेही आधीच सांगून टाकू. पण उष्णता, विकरे, किण्वन आणि वायू हे आपण चार वेगवेगळ्या धड्यांत शिकवतो. ते एकाच खोलीत एकमेकांशी झगडताना पाहायचे, तर यासारखी दुसरी जागा नाही.

अशा छोट्या कारखान्याला मायक्रोब्रुअरी म्हणतात. एका वेळी पाचशे-हजार लिटर बिअर करायची आणि बहुधा तिथेच पेल्यात ओतून विकायची, असा हा धंदा. महाराष्ट्रात त्याची सुरुवात पुण्यात झाली. २००९ मध्ये तिथे ‘डूलाली’ नावाची मायक्रोब्रुअरी निघाली. हा इंग्रजी शब्द नाशिकजवळच्या देवळालीवरून आला आहे. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत देवळालीच्या छावणीत अडकलेल्या गोऱ्या सैनिकांचे डोके फिरे, त्याला ते ‘डूलाली टॅप’ म्हणत. यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप! नागपूरच्या कारखानदाराने हे नाव ध्यानात ठेवायला हरकत नाही.

आता कृती पाहू. जव भिजवून त्याला मोड आणतात. मोड येताना दाण्यात अमायलेज नावाची विकरे तयार होतात. पिष्ट फोडून त्याची साखर करणे हे त्यांचे काम. कोंब वाढू लागले, की दाणे वाळवून ही क्रिया थांबवतात. हे झाले माल्ट. ते भरडून सुमारे ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवले, की विकरे पुन्हा कामाला लागतात आणि पाणी गोड होते. तापमान फार वाढले तर विकरे निकामी होतात, कमी पडले तर काम रेंगाळते. हे गोड पाणी गाळून घेतात, त्यात हॉप नावाच्या वेलीची कडू फुले टाकतात आणि तासभर उकळतात. उकळलेल्या या काढ्याला वर्ट म्हणतात. माल्टचा जव मुख्यतः राजस्थानसारख्या उत्तरेकडच्या राज्यांतून येतो, हॉप बहुतेक परदेशातून. ते पैसे टाकले की मिळते. इथपर्यंत नागपूरची काही अडचण नाही. उलट आपल्याकडे पाणी तापवायला इंधन थोडे कमीच लागेल.

अडचण पुढे आहे. उकळता वर्ट यीस्ट टाकण्याजोगा, म्हणजे सुमारे २० अंशांपर्यंत गार करायचा आहे आणि तोही लवकर. गोड, कोमट आणि यीस्ट नसलेला वर्ट म्हणजे हवेतल्या जिवाणूंना पंगतीचे आमंत्रणच. यीस्टच्या आधी ते बसले, की सगळे आंबट.

हिशेब सोपा आहे, आठवी-नववीच्या मुलांनाही जमेल. समजा वर्ट १००० लिटर आहे. त्याची घनता आणि विशिष्ट उष्णता ढोबळमानाने पाण्याइतकीच धरू. १०० अंशांवरून २० अंशांवर आणायचे, म्हणजे १००० × ८० = ८०,००० किलोकॅलरी उष्णता काढून घ्यायची. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी शोषून घेतो. म्हणजे बर्फ लागेल बरोबर १००० किलो. एका घाण्यासाठी एक टन!

अर्थात कुणी बर्फाच्या लाद्या रचत नाही. वर्ट आणि गार पाणी पातळ पत्र्यांच्या दोन बाजूंनी उलट दिशांना वाहू देतात. वर्ट गार होतो, पाणी तापते आणि ते तापलेले पाणी पुढच्या घाण्याला उपयोगी पडते. मात्र वर्ट कधीही त्या पाण्यापेक्षा गार होऊ शकत नाही. त्याच्यापेक्षा तीन-चार अंश वरच राहतो. डिसेंबरात नळाचे पाणी २० अंशांच्या आसपास असेल, तर काम जवळजवळ संपलेच. मे महिन्यात टाकीतले पाणी ३६ अंशांवर असेल, तर वर्ट ४० वर अडकतो. उरलेले २० अंश, म्हणजे २०,००० किलोकॅलरी किंवा अडीचशे किलो बर्फाइतकी थंडी, विजेवर चालणाऱ्या शीतयंत्राकडून विकत घ्यावी लागते.

ही विकतची थंडी उन्हाळ्यात महाग पडते, यामागेही भौतिकशास्त्राचाच नियम आहे. शीतयंत्र आतली उष्णता उचलून बाहेरच्या हवेत टाकते. हवा जितकी गरम, तितका चढ मोठा. शून्य अंशांवरची उष्णता २५ अंशांच्या हवेत टाकण्यापेक्षा ४५ अंशांच्या हवेत टाकायला अगदी आदर्श यंत्रालाही ४५ भागिले २५, म्हणजे १.८ पट काम करावे लागते. खरे यंत्र आदर्श नसते, त्यामुळे बिल वाढते ते वेगळेच.

इथे नागपूरकराच्या मदतीला त्याचाच कूलर येतो. मे महिन्यातली आपली हवा गरम असते तशीच कोरडीही असते. हवा ४४ अंशांवर आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल, तर थर्मामीटरच्या फुग्याला ओली चिंधी गुंडाळून वारा घातल्यावर पारा सुमारे २३ अंशांपर्यंत उतरतो. वाळ्याच्या ताट्या, माठ आणि कूलर चालतात ते याच फरकावर. कारखान्याचे पाणी असेच वाऱ्यात शिंपडून गार केले तर ते २७ अंशांपर्यंत येईल, वर्ट ३१ पर्यंत उतरेल आणि यंत्राकडे उरतील ११ अंश. अडीचशे किलो बर्फाचे काम एकशे चाळीस किलोंवर आले! गंमत अशी, की जुलैत हवा तिशीवर उतरली तरी ही युक्ती लंगडी पडते, कारण हवा दमट असते. पावसाळ्यात घरातला कूलर नुसता चिकचिकाट करतो, त्याचे कारण हेच.

वर्ट गार झाला, यीस्ट टाकले. आता यीस्ट स्वतःच उष्णता निर्माण करू लागते. एक किलो साखरेच्या किण्वनातून ढोबळमानाने १४० किलोकॅलरी बाहेर पडतात. आपल्या टाकीत सुमारे ८० किलो साखरेचे किण्वन होते असे धरले, तर ११,००० किलोकॅलरींहून थोडी जास्त उष्णता होते. ती बाहेर काढली नाही तर टाकीचे तापमान आपोआप दहा-बारा अंशांनी चढेल, नागपूरचे ऊन टाकीला न लागताही. म्हणून टाकीला दुहेरी भिंत असते आणि तिच्यातून चार-पाच दिवस थंड द्रव फिरवत ठेवतात. या दिवसांत रात्रभर वीज गेली आणि जनित्र नसले, तर हजार लिटरचा निकाल लागू शकतो. तिशीच्या पुढे यीस्ट मरते असे नाही. उलट ते भराभर काम करते. पण त्या घाईत जड अल्कोहोले आणि उग्र वासाची संयुगे जास्त तयार होतात आणि बिअरला रंगाच्या डब्यासारखा वास येऊ शकतो.

उष्णतेखेरीज यीस्ट आणखी एक गोष्ट सोडते आणि ती जिवाशी खेळणारी आहे. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणजे आपल्या ८० किलो साखरेतून सुमारे ३९ किलो वायू. त्याचे आकारमान वीस घनमीटरांहून अधिक भरते. दहा फूट लांब, दहा फूट रुंद खोली जवळजवळ भरून टाकण्याइतके! हवेपेक्षा जड असल्याने तो खाली साचतो, दिसत नाही. ज्वारीच्या पेवात किंवा जुन्या विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून पाहण्याची आपली रीत याच कुटुंबातल्या धोक्यासाठी आहे. पण कंदील विझेपर्यंत थांबणे इथे पुरेसे नाही. वायूचे प्रमाण काही टक्क्यांवर गेले, की ज्योत जळत असतानाही माणसाला त्रास होऊ लागतो. जमिनीलगत हवा खेचणारा पंखा आणि वायुमापक यांवर पैसे वाचवणाऱ्याने हा धंदा करू नये. जोसेफ प्रीस्टली १७६७ मध्ये लीड्सला राहायला गेला, तेव्हा शेजारी बिअरचा कारखाना होता. तिथल्या हौदांवर तरंगणाऱ्या याच वायूवर प्रयोग करता करता त्याला पाण्यात हा वायू मुरवण्याची, म्हणजे सोडावॉटरची कल्पना सुचली.

थंडीचा हा प्रश्न नवा नाही. बव्हेरियात १५५३ मध्ये उन्हाळ्यात बिअर करण्यावर बंदीच घालण्यात आली. २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल एवढाच हंगाम. इंग्रजांनी हिंदुस्थानात बिअरचे कारखाने काढले तेही कसौली, मरी अशा थंड डोंगरांवर. पुढे १८७० च्या दशकात कार्ल लिंडे याने म्युनिकच्या बिअर कारखान्यांसाठी शीतयंत्रे बनवली, तेव्हा कुठे हंगामाचे बंधन सुटले. आपल्या स्वयंपाकघरातला फ्रीज त्याच घराण्यातला.

मग विदर्भाचे स्वतःचे मद्य बिअर का नाही, मोहाची का, याचाही थोडा उलगडा होतो. मोह मार्च-एप्रिलात गळतो. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखरच असते, त्यामुळे मोड आणणे, शिजवणे हे सोपस्कार नकोत. उन्हाळ्यात ते भराभर आंबते, थोडे आंबटही होते. पण पुढे ते भट्टीवर चढते आणि ऊर्ध्वपातनात अल्कोहोल वाफेबरोबर निघून ॲसेटिक आम्ल बरेचसे मागे राहते. उकाड्याशी भांडण न करता काढलेली ही वाट आहे.

धान्यापासून तशी वाट निघेल का? आफ्रिकेत ज्वारीची बिअर फार जुनी आहे. ती जिवाणूंनी मुद्दाम आंबट होऊ देतात आणि एक-दोन दिवसांत संपवतात. थंडीची गरजच ठेवत नाहीत. ज्वारी तर आपल्या घरची. पण तिचे पिष्ट फुलायला जवापेक्षा जास्त तापमान लागते आणि तिच्या मोडांत एक महत्त्वाचे विकर कमी असते, म्हणून ज्वारी वेगळी शिजवून जवाच्या माल्टात मिसळणे सोयीचे पडते. दुसरीकडे नॉर्वेच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेले ‘क्वाइक’ नावाचे यीस्ट आहे. ते ३५ अंशांच्या पुढेही वाईट वास न आणता काम करते. थंड देशातले हे यीस्ट नागपूरला सोयीचे ठरावे! ते वापरले तर ३१ अंशांचा वर्ट आणखी गार करायला नको. वर हिशेबात आलेले ते एकशे चाळीस किलो वाचतात.

वर्गात यातले दोन भाग करून पाहता येतील. मोड आणून वाळवलेल्या गव्हाचे किंवा नाचणीचे पीठ घ्या. (ज्वारी नको. तिच्या कोंबांत सायनाइड तयार करणारे द्रव्य असते. कोवळी ज्वारी खाऊन जनावरे दगावतात ती यामुळेच.) साध्या पिठाची घट्ट पेज ६०-६५ अंशांपर्यंत निवू द्या, त्यात हे पीठ चमचाभर ढवळा. काही मिनिटांत पेज पातळ होते. दर पाच मिनिटांनी एक थेंब काढून आयोडीन टाकले, की निळा रंग कसा फिका पडत जातो ते दिसेल. दुसरा प्रयोग पावाच्या यीस्टचा. तीन सारख्या बाटल्यांत सारखेच साखरपाणी आणि यीस्ट घालून तोंडांना फुगे बांधा. एक बाटली माठाच्या पाण्यात ठेवा, एक वर्गात आणि एक गच्चीच्या टाकीतून आणलेल्या पाण्यात. दर दहा मिनिटांनी फुग्यांचा घेर दोऱ्याने मोजून आलेख काढा. तासाभराने बाटल्या मोरीत रिकाम्या करा. आलेखावर तारखेबरोबर टाकीच्या पाण्याचे तापमानही लिहून ठेवा आणि हाच प्रयोग डिसेंबरात पुन्हा करा.